क्रॉसमॅच

सोमवार पेठेतल्या रक्तपेढीत, फ्रिजच्या खोलीला लागून
एक चिंचोळी जागा आहे.
तिला सगळे सर्व्हर रूम म्हणतात.
आत एक मशीन, एक स्टूल, आणि मी.

डेटाबेस सोर्समधून बांधायचा होता.
कॉन्फिगर झालं. मेक झालं, पाऊण तास
ओळी सरकत राहिल्या, एकही कुरकुर नाही.
मी चहा मागवला.
तीच चूक.

सुरू करायला गेलो तर म्हणे, सिम्बॉल सापडत नाही.
अरे, आत्ता तर तुला जोडलं,
आणि जिच्याशी जोडलं ती लायब्ररी
तिथेच बसली आहे, कालची ताजी!

एलडीडी लावून पाहिलं.
मागतोय ते नाव बरोबर,
मिळतेय मात्र दुसरीच,
ऑप्टमधल्या कुठल्याशा फोल्डरातली, तेरा वर्षांपूर्वीची.

लोडर म्हणजे नवा कुरिअरवाला.
आडनाव वाचतो, जिन्यातलं पहिलं दार वाजवतो,
"गायधनी का?"
"हो."
पाकीट देऊन मोकळा.
दुसऱ्या मजल्यावरचे गायधनी आठवडाभर वाट बघतात.

मी सोपे उपाय केले, म्हणजे वाईट.
सिमलिंक. त्या सिमलिंकवर सिमलिंक.
एलडीकॉन्फिग तीनदा, लिफ्टचं बटण दाबतात तसं.
शेवटी जुन्या फाइलचं नावच बदललं
आणि पलीकडे लेबलचा प्रिंटर मुका झाला.

"साहेब, पिशव्यांवर नंबर पण आता हातानेच लिहू का?"
निलोफर तांबोळी. रात्रीचे दोन.
रजिस्टर तर ती संध्याकाळपासून हातानेच लिहीत होती.
काउंटरवर हॉस्पिटलचा माणूस, हेल्मेट न काढता उभा.
बी पॉझिटिव्ह, दोन पिशव्या.

नाव होतं तसं केलं. तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.
ती काचेच्या नळीत थेंब मोजत होती.
"गट माहीत आहे ना? मग हे कशाला?"
(झोपेत माणूस काहीही विचारतो.)
तिने नळीवरची नजर काढली नाही.
"बी पॉझिटिव्ह हे नुसतं नाव झालं.
ह्या माणसाचं ह्या पिशवीशी पटतं का,
ते मिसळल्याशिवाय कळत नाही.
आणि सरका, उजेड अडतोय."

सरकलो.
या वेळी फाइल सोडून वाट शोधली.
लोडरला आधी ऑप्टमध्ये जा, असं सांगतंय कोण?
प्रोफाइलच्या तळाशी एक ओळ निघाली,
लायब्ररी पाथ एक्सपोर्ट केलेला, वर कॉमेंट:
हात लावू नये. डी. खळदकर.

खळदकर नोकरी सोडून सासवडला रोपवाटिका चालवतात.
पाचला फोन केला. मोटार लावायला उठलेच होते.
"ती ओळ अजून आहे?"
आवाजात लाज होती की कौतुक, कळलं नाही.
"प्रिंटरला जुनीच लायब्ररी लागते रे.
एका रात्रीपुरती लिहिली होती.
सगळ्या घराला लावायला नको होती, पण
पिशव्या खोळंबल्या होत्या."

पिशव्या खोळंबल्या होत्या.
त्यावर मी काय बोलणार?

ओळ उचलली, लेबलच्या स्क्रिप्टात नेऊन ठेवली,
फक्त तिथे.
डेटाबेस पुन्हा बांधला, आरपाथ देऊन:
तुझं दार हे, दुसरं कुणी काही सांगो.
पुन्हा पाऊण तास. चहा नाही.

सात दहाला तो उठला.
प्रिंटरने घसा खाकरला,
पहिलं लेबल वाकडं आलं, दुसरं सरळ.
निलोफरने घरी जायच्या आधी
रात्रीच्या नोंदी चढवायला घेतल्या, मोठ्याने वाचत,
स्वतःच्याच अक्षराला नावं ठेवत.

खळदकरांची कॉमेंट मी पुसली नाही.
तिच्याखाली लिहिलं:
लावायचाच असेल तर आधी सासवडला फोन करावा.
नंबर दिला.
पहाटे केला तरी चालतो.